डीमॅग्नेटायझर कॉइल: वेढे घालायच्या आधीची तयारी

घड्याळदुरुस्तीच्या हत्यारांत किंवा घड्याळात मुरलेलं चुंबकत्व काढणारी तारेची गुंडाळी म्हणजे डीमॅग्नेटायझर कॉइल. तिच्यासाठी वायर आणायच्या आधी एक साधं होकायंत्र आणा. चिमट्याचं टोक सुईच्या उत्तर टोकाजवळ न्या, मग दक्षिण टोकाजवळ. दोन्हीकडे सुई ओढलीच गेली तर ते नुसतं पोलाद. एकीकडे ती दूर ढकलली गेली तर चिमट्यात चुंबकत्व मुरलंय. चावीच्या घड्याळाला, समजा एचएमटी जनताला, काचेवर होकायंत्र ठेवून बघा. बॅलन्सच्या, म्हणजे आत मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, लयीत सुई थरथरली की घड्याळातही चुंबकत्व मुरलंय असं समजावं. त्या चाकाला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, म्हणजे हेअरस्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटले की ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पुढे पळत सुटतं.

खरी मेख ट्रान्सफॉर्मरची. १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा, लोखंडी पट्ट्यांचा जुना जड प्रकारच हवा. घरात पडून असलेला लॅपटॉपचा अडॅप्टर चालणार नाही. तो डीसी देतो, आणि डीसीवर ही कॉइल चुंबकत्व काढायच्या ऐवजी चढवते. आपल्या ५० हर्ट्झच्या एसीत क्षेत्राची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते, आपल्याला तेच हवंय. जुन्या टीव्हीची डीगॉसिंग कॉइल (पडद्याचं चुंबकत्व काढणारी) थेट २३० व्होल्टवर लावा, असंही सांगणारे भेटतील. टीव्हीत तिच्या जोडीला प्रवाह लगेच घटवणारा पीटीसी थर्मिस्टर असतो. तो वगळला की कॉइल तापून जळू शकते. शिवाय हातात धातूचं हत्यार घेऊन मेन्सशी खेळ कशाला?

२२ गेजची इनॅमल वायर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते. पाव किलो लागते, ३०० ग्रॅम घ्या. ५० मिमी बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप, दोन्हीकडे प्लायच्या चकत्या, मधे ५० मिमी जागा आणि सगळे एकाच दिशेने घातलेले साधारण ४०० वेढे. धातूचा पाइप नको, त्याच्यातच प्रवाह फिरून तो तापतो. टोकांवरचं इनॅमल पॉलिश पेपरने घासून तांबं उघडं पडल्यावरच डाग द्या. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (मेन्सच्या बाजूला) अर्ध्या अँपिअरचा फ्यूज, सेकंडरीला (१२ व्होल्टच्या, कॉइलकडच्या बाजूला) दारावरच्या बेलचं बटण. ते फळीवर स्क्रूने पक्कं बसवा, कारण दुसऱ्या हातात हत्यार असणार.

आता कॉइलसमोर हातभर मोकळी जागा करा. यात कंजुषी केली की सगळं मुसळ केरात. बटण दाबा, चिमटा आत घाला, सावकाश सरळ रेषेत बाहेर काढत हातभर लांब न्या आणि मगच बटण सोडा. क्षेत्र हळूहळू क्षीण होत गेलं तरच पोलादातलं चुंबकत्व जातं. वस्तू आत असताना बटण सुटलं तर त्या क्षणीचं चुंबकत्व तसंच राहतं, कधी आधीपेक्षा जास्त. घड्याळाचा पट्टा काढून ठेवा. क्वार्ट्झ घड्याळं, फोन, बँकेची कार्डं टेबलावरून उचला. क्वार्ट्झच्या मोटरचा रोटरच चुंबकाचा असतो. पेसमेकर बसवलेलं कुणी घरात असेल तर त्यांना या खोलीत येऊ देऊ नका. कॉइल साधारण साडेतीन अँपिअर खेचते, तेव्हा एका वेळी दहा सेकंद पुरे, मग तिला निवू द्या.