घरच्या पीसीवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही? मग बूट मेन्यू जरा घरच्यांच्या सोयीचा करा

कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी कोणीतरी उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकतं आणि मग अख्ख्या घराला पीसी चालू करताना 'विंडोज की उबुंटू' विचारणारा तो मेन्यू बघत बसावं लागतं, हे पुण्यात बऱ्याच घरी चालतं. आमच्या कोथरूडच्या घरी पण तेच, पीसी एकच, बाबांना टॅलीसाठी विंडोज पाहिजे आणि मला कामाला उबुंटू. तो मेन्यू दाखवतो तो प्रोग्राम म्हणजे ग्रब. लोक आधी त्याला थीम लावायच्या मागे लागतात, पण माझं म्हणणं असं की कोणी कीबोर्डला हातच लावला नाही तर काय चालू होणार हे आधी ठरवा, फोटोबिटो नंतर.

सेटिंग सगळी एका फाईलमध्ये आहे. उबुंटूमध्ये टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, उघडा आणि सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब असं टाका. मी इथे देवनागरीत लिहितेय पण टाईप अर्थातच इंग्रजी अक्षरात करायचं, कमांड आणि पाथ लहान लिपीत, फाईलमधली नावं कॅपिटलमध्ये. हात लावायच्या आधी त्या फाईलची एक कॉपी काढून ठेवा. आणि हो, बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस द्यायची नाही.

आत ग्रब_डिफॉल्ट=0 अशी ओळ दिसेल. मोजणी शून्यापासून असते, म्हणजे 0 म्हणजे पहिली ओळ, सहसा उबुंटू. बरेच जण विंडोज वरून कितवं आहे ते मोजतात आणि तो नंबर टाकून मोकळे होतात, चालतंही, पण पुढे मेन्यूत एखादी ओळ वाढली की नंबर सरकतो आणि बाबांच्या हाका सुरू, "अगं हे काय भलतंच उघडलंय!" म्हणून नंबर नको, नाव द्या. सुडो ग्रेप मेन्यूएन्ट्री /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी केलं की सगळ्या ओळी दिसतात, त्यातलं विंडोज बूट मॅनेजरवालं नाव कंसातल्या पार्टिशनसकट जसंच्या तसं कॉपी करा आणि ग्रब_डिफॉल्ट च्या पुढे डबल कोटमध्ये पेस्ट करा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ग्रबला ते सापडत नाही. शेवटी जे वापरलं तेच पुढच्या वेळी यावं असं वाटत असेल तर ग्रब_डिफॉल्ट=सेव्हड आणि खाली ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू, पण हे एकट्याच्या लॅपटॉपला ठीक आहे. चार जण वापरतात त्या पीसीला नको, रात्री मी उबुंटू वापरलं की सकाळी बाबांपुढे उबुंटूच येणार.

मग टाइमआउट, म्हणजे मेन्यू किती सेकंद थांबणार ते. ग्रब_टाइमआउट=5 घरी पुरतं, -1 केलं तर कोणीतरी एंटर मारेपर्यंत तो तसाच बसून राहतो. मेन्यू दिसायलाच हवा असेल तर ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेन्यू ठेवा, हिडन नको. पावसाळ्यात उबुंटू सुरू होता होताच लाईट गेली तर पुढच्या वेळी मेन्यू तुमच्या 5 सेकंदांना न जुमानता 30 सेकंद थांबतो, कारण मागचं बूट फसलं असं ग्रबने लिहून ठेवलेलं असतं. बिघडलेलं काही नाही. नकोच असेल तर ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=5 अशी ओळ वाढवा.

विंडोज मेन्यूत दिसतच नसेल तर बहुतेक ओएस-प्रोबर, म्हणजे पीसीवरच्या बाकीच्या सिस्टिम शोधणारा प्रोग्राम, बंद आहे, ग्रब 2.06 पासून ते मूळातच बंद येतं. ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही ओळ टाका.

हे सगळं झाल्यावर फाईल सेव्ह करून सुडो अपडेट-ग्रब मारायचंच, नाहीतर काहीही बदलत नाही. ग्रब.सीएफजी फाईल थेट एडिट करत बसू नका, पुढच्या कर्नल (उबुंटूचा गाभा) अपडेटला ती नव्याने लिहिली जाते आणि तुमची मेहनत पाण्यात. फेडोरावाल्यांनी (तो लिनक्सचाच दुसरा प्रकार) अपडेट-ग्रब शोधू नये, तिकडे ग्रब2-एमकेकॉन्फिग असतं.

आता फोटो. पीएनजी फाईल /बूट/ग्रब मध्ये टाका आणि ग्रब_बॅकग्राउंड मध्ये तिचा पूर्ण पाथ द्या. सिंहगडावरच्या धुक्याचा फोटो कितीही आवडता असला तरी लावू नका, मेन्यूची अक्षरं फिकट असतात, पांढऱ्यावर पांढरं काहीच वाचता येत नाही, आणि बाबांना चष्मा लावूनही नाही. गडद फोटो घ्या.

एखाद दिवशी विंडोज अपडेटनंतर मेन्यूच गायब झाला तर घाबरून परत इन्स्टॉल करायला घेऊ नका, बहुतेक वेळा फक्त विंडोज बूट मॅनेजर यादीत वर गेलेला असतो. बायॉसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन बूट ऑर्डरमध्ये उबुंटू वर आणा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, ती विचारली जाऊ शकते.

आणि उबुंटूतून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर तो मेन्यूचा दोष नाही, उबुंटू मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली वेळ समजतं. उबुंटूमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1 करा, आणि विंडोजमध्ये गेल्यावर एकदा वेळ सिंक करून घ्या.