मुलांचे दुधाचे दात काढताना जागा घालवू नका: या चुका टाळा

दुधाची दुसरी दाढ साधारण १० ते १२ वर्षांच्या दरम्यान आपणहून पडते. ती सातव्या वर्षीच काढावी लागली, तर तिच्या जागी येणारी उपदाढ अजून तीन-चार वर्षं तरी वर येणार नसते. मागे उभी असलेली कायमची दाढ (जी सहाव्या वर्षी येते) मात्र थांबत नाही. वरच्या जबड्यात ती स्वतःभोवती फिरत पुढे सरकते, खालच्या जबड्यात पुढे कलते. जाणारी बहुतेक जागा पहिल्या सहा महिन्यांतच जाते. उपदाढेची वेळ येते तेव्हा ती हाडात अडकते, नाहीतर टाळूच्या किंवा जिभेच्या बाजूने वाकडी बाहेर येते. म्हणून दात काढायचा निर्णय आणि जागेचा निर्णय एकाच भेटीत व्हायला हवा.

वाचणारी दाढ काढून टाकणं

‘दुधाचाच दात आहे, पडणारच आहे’ हे कारण पुरेसं नाही. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असली तरी मुळं शाबूत असतील, तर पल्पेक्टॉमी (म्हणजे दुधाच्या दाताचं रूट कॅनाल) करून वर स्टीलची कॅप बसवता येते. कॅप चंदेरी दिसते म्हणून पालक कचरतात. पण स्वतःची दाढ जशी जागा धरून ठेवते, तशी कोणतीही तार धरत नाही. दोन दाढांच्या मधली कीडही दुर्लक्षू नका. दाढेची कड झिजली की मागची दाढ त्या फटीत सरकते आणि दात न काढताही जागा जाते. मुळं बरीच झिजलेली असतील, संसर्ग खालच्या कायमच्या दातापर्यंत पोचला असेल किंवा कॅप धरायलाही दात उरला नसेल, तर मात्र काढणंच योग्य.

एक्स-रे न काढता दात काढणं

एक्स-रेमध्ये तीन गोष्टी पाहायच्या: खाली कायमचा दात आहे का, त्याचं मूळ किती तयार झालंय आणि वर हाड किती आहे. मूळ अर्ध्याहून जास्त तयार आणि वर हाड नाही, असं दिसलं तर दात लवकरच येईल. स्पेस मेंटेनरची (म्हणजे जागा धरून ठेवणाऱ्या साधनाची) गरज नसते. हाड असेल तर दर मिलिमीटरला चार-पाच महिने धरा. खालची दुसरी उपदाढ काही मुलांत जन्मतःच नसते. तसं असेल तर दुधाची दाढ सांभाळायची की जागा बंद करायची, हे ऑर्थोडॉन्टिस्टने (म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाने) आधी ठरवायला हवं. पण घाईही नको: ही उपदाढ कधीकधी उशिरा तयार होते, त्यामुळे सहाव्या वर्षीच्या एक्स-रेवरून ‘दातच नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

चुकीचं साधन, चुकीची वेळ

एका बाजूची एकच दाढ गेली तर बॅण्ड अँड लूप पुरतो: मागच्या दाढेवर स्टीलची पट्टी आणि पुढच्या दाताला टेकणारा तारेचा फास. आधी दातांमध्ये रबरी सेपरेटर काही दिवस ठेवतात, मग पट्टी बसवून माप घेतात, तार झाळतात आणि सिमेंटने चिकटवतात. माप दात काढण्याआधीच घेतलं तर मधले आठवडे वाचतात. फास इतका रुंद हवा की येणारी उपदाढ त्यातून वर येऊ शकेल, आणि तो हिरडीत रुतता कामा नये.

खाली दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या असतील तर जिभेच्या बाजूने जाणारी लिंग्वल आर्च लावतात. ती समोरचे चारही कायमचे दात आल्यावरच लावावी. हे दात दुधाच्या दातांच्या मागून येतात. आधी लावलेली तार त्यांच्या वाटेत येते. तोवर दोन वेगळे बॅण्ड अँड लूप लावणं बरं.

सहा वर्षांची दाढ अजून हिरडीखालीच असेल आणि दुधाची दुसरी दाढ काढावी लागली, तर डिस्टल शू नावाचं साधन हिरडीच्या आत जाऊन तिला वाट दाखवतं. मुलाला जन्मजात हृदयविकार असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर ते वापरत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हा इतिहास त्यांना सांगा.

दुधाचे सुळे आलेल्या मुलाचा समोरचा दुधाचा दात पडून गेला, तर जागा सहसा जात नाही. तिथे साधन लावलंच तर ते दिसण्यासाठी असतं.

पुढचे दात वाकडे दिसले की सुळे काढणं

ही चूक फार महागात पडते. सात-आठ वर्षांच्या मुलाचे खालचे दात थोडे दाटीने येणं स्वाभाविक आहे. घाईने दुधाचे सुळे काढले की दात सरळ झालेले दिसतात, कारण ते जिभेकडे झुकून मोकळ्या जागेत पसरतात. पण त्यामुळे दातांची कमान आखूड होते आणि कायमच्या सुळ्यांची जागा जाते. एकाच बाजूचा सुळा काढला तर दातांची मधली रेषाही त्या बाजूला सरकते.

खरी शिल्लक दुसरीकडे आहे. खाली दुधाचा सुळा आणि दोन दाढा मिळून जेवढ्या रुंद असतात, त्याहून त्यांच्या जागी येणारे दात सरासरी १.७ मिमीने कमी असतात. दोन्ही बाजू मिळून ही सुमारे ३.४ मिमी जागा होते. दुधाची दुसरी दाढ पडण्याआधी लिंग्वल आर्च लावली तर ही जागा समोरच्या दाटीसाठी वापरता येते. नाही लावली तर मागची दाढ ती घेते.

दाटी १० मिमीच्या आसपास किंवा जास्त असेल आणि दाढांचा चावा नीट जुळत असेल, तर टप्प्याटप्प्याने दात काढण्याची पद्धत आहे: बहुधा आधी दुधाचे सुळे, मग दुधाच्या पहिल्या दाढा, शेवटी पहिल्या उपदाढा. स्वीडनच्या शेलग्रेन यांनी १९२९ मध्ये तिला ‘सीरियल एक्स्ट्रॅक्शन’ हे नाव दिलं. ती ऑर्थोडॉन्टिस्टच्या देखरेखीखालीच व्हावी. नंतर बहुतेक मुलांना तारा लावाव्याच लागतात, हे पालकांना आधीच सांगायला हवं.

वरचे सुळे न तपासणं

उलट, इथे चांगला दुधाचा दात काढणंच उपयोगी ठरू शकतं. दहाव्या वर्षी वरच्या हिरडीवर ओठाच्या बाजूने बोट फिरवलं की कायमच्या सुळ्याचा उंचवटा लागायला हवा. तो लागत नसेल किंवा एकाच बाजूला लागत असेल तर एक्स-रे काढावा. सुळा टाळूकडे वळलेला असेल तर १० ते १३ वर्षांत दुधाचा सुळा काढल्याने तो अनेकदा वळणावर येतो. एरिक्सन आणि कुरोल यांच्या १९८८ च्या अभ्यासात अशा ४६ पैकी ३६ सुळ्यांनी योग्य वाट धरली. वर्षभरात फरक दिसला नाही तर पुढचे उपचार लांबवू नयेत, कारण अडकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ झिजवू शकतो.

साधन बसवल्यावरच्या अडचणी

- पट्टी हलते किंवा खालून वास येतो: सिमेंट निघालंय, आत कीड लागते. घरी चिकटवू नका. काही दिवसांतच दाखवा.
- पट्टी निघून आली: तुकडे जपून ठेवा आणि लगेच वेळ घ्या. महिनाभर थांबलात तर तीच पट्टी कदाचित बसणार नाही.
- फास हिरडीत रुततो, हिरडी लाल दिसते: तार दुरुस्त करावी लागेल.
- ज्या दाताला फास टेकतो तो दुधाचा सुळा पडला: आधार गेला, साधन बदलावं लागेल.
- फासातून नवा दात वर आला: साधनाचं काम झालं, काढून घ्या.

चिक्की, च्युइंगगम, चिकट टॉफी बंद. दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, कारण सैल पट्टी मुलाला जाणवतेच असं नाही.

जागा आधीच गेली असेल तर साधा स्पेस मेंटेनर ती परत आणत नाही. ३ मिमीपर्यंत गेलेली जागा अनेकदा स्पेस रिगेनरने मिळवता येते. त्याहून जास्त असेल तर आधी ऑर्थोडॉन्टिस्टकडून पूर्ण तपासणी करून घ्या.