बॉलस्क्रूचा ढिलेपणा: छर्रे बदलायच्या आधी डायल लावा

सीएनसी मशीनवर गोल कापला आणि चार बाजूंना बारीक पायरी दिसली की कुणीतरी सांगतंच, बॉलस्क्रूच्या (छर्ऱ्यांच्या नटातून टेबल सरकवणाऱ्या स्क्रूच्या) नटात मोठे छर्रे टाक. आधी ढिलं कुठेय ते तर बघा! मोटरची वीज चालू ठेवा, फिरवू नका, नुसती जागेवर धरून ठेवू दे, नाहीतर टेबल ढकललं की बॉलस्क्रू आपोआप फिरतो. स्क्रूच्या मोकळ्या टोकाच्या खळगीत ग्रीसने एक छर्रा चिकटवायचा, त्यावर डायलचं (बारीक हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या गेजचं) सपाट टोक टेकवायचं आणि टेबल हाताने पुढेमागे ढकलायचं. काटा हलला तर दोष बीके १२ च्या (स्क्रूचं मोटरकडचं टोक धरणाऱ्या ठोकळ्याच्या) बेरिंगमध्ये नाहीतर लॉकनटमध्ये, छर्ऱ्यांच्या नटाला हातही लावू नका. काटा जागेवर आणि टेबल मात्र हलतंय, तर आधी नटाचे बोल्ट बघा, मग नट. दुसरं डायल टेबलाला लावून मधे आणि दोन्ही टोकांना मोजा, मधेच जास्त ढिलं असेल तर स्क्रू घासलाय, मोठे छर्रे टाकलेत तर टोकांना जाम होणार. अशा वेळी स्क्रू आणि नट जोडीनेच बदला.

नट उतरवताना खरी गोची होते, स्क्रूवरून निघाला की छर्रे सांडतात, म्हणून तो सरळ एका नळीवर सरकवायचा. कागदाची गुंडाळी, पीव्हीसीचा पाईप असले सल्ले अजिबात ऐकू नका. आमच्या बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत कुणीही लेथवाला नायलॉनची नळी करून देतो, बाहेरचा व्यास आट्यांच्या तळापेक्षा किंचित कमी, आतून स्क्रूच्या टोकावर बसेल अशी. नळी आट्यांना अगदी चिकटून धरायची, फट राहिली की छर्रा तिथेच पडतो. खाली परात ठेवा.

एसएफयू १६०५ मध्ये (१६ मिमी व्यास, ५ मिमी पिचच्या बॉलस्क्रूत) छर्रे ३.१७५ मिमीचे असतात, त्याहून काही मायक्रॉन मोठे मिळतात, पण पूर्ण नटात एकाच पाकिटातले घाला. जुने-नवे मिसळलेत तर सगळा भार मोठ्यांवर येतो आणि नट खडबडत चालतो. प्रत्येक फेरीचे छर्रे वेगळे मोजून ठेवा आणि तेवढेच परत घाला, जागा दिसली म्हणून एक जास्तीचा कोंबू नका, ती मोकळीक लागते. ग्रीस लावून चिमट्याने बसवा. हाताने फिरवताना एकसारखं जड लागलं तर ठीक, मधेच अडखळलं तर परत उघडा.

आणि हो, सी७ ग्रेडच्या (हा अचूकतेचा दर्जा) स्क्रूत ३०० मिमी अंतराला ०.०५ मिमीपर्यंतची चूक मुळातच धरलेली असते, ती छर्ऱ्यांनी जात नाही.

ग्रीस लिथियमचं २ नंबरचं, ग्राफाइटवालं नको. एमडीएफ कापत असाल तर नटाला धूळ अडवणारं वायपर सील नक्की लावा आणि पावसाळ्यात मशीन बंद पडून असेल तर स्क्रूवर तेलाचा हात फिरवा.