पात्राच्या डोक्यात शिरायचं कसं

पहिला खर्डा समोर घ्या आणि ‘तिला वाटलं’, ‘त्याच्या मनात आलं’, ‘तिला आठवलं’ या पाट्यांभोवती लाल पेनाने गोल करा. यातल्या बहुतेक खोडायच्या आहेत. पाटी असली की लेखक मध्ये उभा राहून मन समजावून सांगतो. ती गेली की विचार थेट ऐकू येतो, मनात वाहतो तसाच. यालाच संज्ञाप्रवाह म्हणतात. मात्र नुसतं खोडून भागत नाही. पाटीच्या जागी बाहेरची, दिसणारी-ऐकू येणारी एखादी खुंटी लागते, नाहीतर वाचक हरवतो.

‘मिसेस डॅलोवे’मध्ये (१९२५) व्हर्जिनिया वुल्फ यांनी बिग बेनचे टोल वापरले. गोष्ट लंडनमधल्या एका दिवसाची, मन तीसेक वर्षं मागे जाऊन येतं, घड्याळ मात्र पुढेच सरकतं. नाशिकच्या गोष्टीला गोदेच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहेच. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला, यावरच तर गाव पूर मोजतं.

आता एक माणूस, एक जागा, वीस मिनिटं, एवढंच घ्या. खर्डा असा:

‘सुमनताई पुलावर उभ्या होत्या. त्यांना दिवंगत पतीची आठवण आली. मुलाला घर विकायचं होतं, पण त्यांना ते नको वाटत होतं.’

आणि दुरुस्ती:

‘मारुतीच्या कमरेला लागलं पाणी. छातीला लागलं की माळ्यावर चढवायची पोती, हे म्हणायचे. हे. आता ‘हे’ कोणाला म्हणायचं? विकू दे अभयला घर, उद्या सही करून टाकू. पण भिंतीवरची ती पुराची रेघ, तिच्यावर चुना मारणार ना नवा माणूस.’

‘पती’ हा शब्द गेला. ‘हे’मध्ये नवराही आला आणि त्याचं नसणंही. घर नको विकायला, असं कुठेच म्हटलेलं नाही, रेघच ते सांगते. प्रत्येक उडीला मागच्या वाक्यातला धागा आहे: पाणी, पोती, हे, घर, रेघ. धागा नसलेली उडी म्हणजे प्रवाह नव्हे, नुसता गोंधळ. साठ-सत्तर शब्दांत एकदा तरी बाहेरचं काही दिसू-ऐकू द्या.

सगळ्यात जास्त फसगत विरामचिन्हांत होते. जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’मधलं (१९२२) मॉली ब्लूम या पात्राचं शेवटचं स्वगत पानंच्या पानं चालतं, पण आठच वाक्यांचं आहे, म्हणून नवखे लेखक पूर्णविराम काढून टाकतात. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने चिन्ह काढलं तरी वाक्य तिथेच थांबतं, आणि उरते ती ‘होतं’ ‘आलं’ ‘गेलं’ची माळ. त्यापेक्षा बोलण्यातल्यासारखं क्रियापद पुढे ओढा (‘चढवायची पोती’) किंवा गाळा. ‘म्हणे’, ‘ना’, ‘की’, ‘बापडा’ हे छोटे शब्द इथे खरं काम करतात. तीन-तीन टिंबं मात्र आळसाची खूण. संज्ञाप्रवाह मराठीला नवाही नाही. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी १९४२ची.

दुसरी चूक, पात्राने स्वतःलाच माहिती पुरवणं. ‘बारा वर्षांपूर्वी वारलेले माझे यजमान’ असं मनात कोणी म्हणत नाही. वाचकाला चार ओळी अंधारात राहू द्या, काही बिघडत नाही.

डोकं बदलायचं असेल तर परिच्छेद बदला आणि दोघांना दिसणारी एकच वस्तू पूल म्हणून वापरा. वुल्फ यांनी आकाशात धुराची अक्षरं काढणारं विमान वापरलं. छातीला लागलेलं पाणी सुमनताईंनी पाहिलं, तसं शेजारच्या कणीसवाल्यानेही. पुढचा परिच्छेद त्याचा. त्यात रेघ नाही, माळा नाही. पोलीस पूल बंद करतील का, आणि टोपलीत अजून किती कणसं उरलीत, एवढंच.