सिनेमा पाठवण्याआधी शेवटची तांत्रिक तपासणी कशी करावी

संकलन झालं, रंग झाले, साउंड मिक्स हातात आलं की सिनेमा पूर्ण झाला असं वाटतं. खरं तर घणसोलीच्या किंवा वर्तकनगरच्या एखाद्या खोलीत महिनोन्‌महिने तेच सीन बघणाऱ्या टीमला तो इतका पाठ झालेला असतो की समोरची चूकही दिसत नाही. म्हणून संकलनात नसलेलं एखादं माणूस सोबत बसवा. आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन नव्हे, रेंडर होऊन (एक्स्पोर्ट करून) आलेली फायनल फाइल बघा. फ्रेम फाटणं, इफेक्ट गळणं, 'मीडिया ऑफलाइन'ची पाटी येणं हे प्रकार बरेचदा एक्स्पोर्टमध्येच होतात.

पहिल्यांदा आवाज बंद ठेवून, अंधाऱ्या खोलीत, कॅलिब्रेट केलेल्या (रंग-उजेड प्रमाणाला जुळवलेल्या) मॉनिटरवर सलग बघा. मध्ये काही दुरुस्त करू नका, फक्त टाइमकोड, म्हणजे फ्रेमची नेमकी वेळ, लिहून घ्या. दोन शॉट्सच्या सांध्यात राहिलेली एक काळी फ्रेम २४ फ्रेम्सच्या गतीला सेकंदाचा चोविसावा भागच टिकते, त्यामुळे 'काहीतरी लुकलुकलं' एवढंच जाणवतं. असं वाटलं की तो टाइमकोड टिपा आणि नंतर तिथं एकेक फ्रेम पुढे-मागे करून बघा. रात्रीच्या शॉट्सना जास्त वेळ द्या. पाम बीच रोडवर शूट केलं असेल तर खाडीच्या काळ्या पट्ट्यात एखादा लाल किंवा पांढरा ठिपका दिसतो का बघा. कॅमेरा फिरला तरी ठिपका पडद्यावर त्याच जागी राहत असेल, तर तो पलीकडचा दिवा नसून हॉट पिक्सेल, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा बिघडलेला ठिपका आहे. ग्रेडिंगमध्ये (रंग ठरवताना) सावल्या उजळल्या की तो आणखी उठून दिसतो.

श्रेयनामावली मोठ्याने वाचा. देवनागरी नीट न हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते, रफार सुटतो, जोडाक्षर फुटतं. नावांच्या शुद्धलेखनावर ज्याच्या-त्याच्याकडून लेखी होकार घ्या. ज्यांनी बिनमोबदला काम केलं त्यांच्या नावाबाबत तर अजिबात ढिलाई नको. धूम्रपानाच्या दृश्यात वैधानिक सूचना पूर्ण वेळ दिसते का, तेही याच फेरीत बघा.

दुसऱ्यांदा चित्र झाकून फक्त ऐका. ठाण्यात स्टेशनजवळ शूट केलेल्या सीनमध्ये लोकलचा आवाज हमखास असतो, आणि कट आला की ती लोकल मध्येच गायब होते. असे खड्डे वातावरणाच्या आवाजाने भरून घ्या. ५.१ मध्ये, म्हणजे सहा चॅनेलच्या सराउंड आवाजात, चॅनेलचा क्रम तपासणं फार महत्त्वाचं. थिएटरच्या पॅकेजला डावा, उजवा, मधला, सबवूफर, डावा सराउंड, उजवा सराउंड असा क्रम लागतो. मिक्स 'डावा, मधला, उजवा' अशा क्रमाने आलं आणि तसंच चढवलं, तर सगळे संवाद उजव्या स्पीकरमधून येतात.

आता डीसीपी, म्हणजे थिएटरला द्यायचं डिजिटल पॅकेज. २के मध्ये चौकट फ्लॅट (१.८५:१) असेल तर १९९८×१०८० पिक्सेल, स्कोप (जास्त रुंद, २.३९:१) असेल तर २०४८×८५८. ध्वनी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. शूट सेकंदाला २५ फ्रेम्सवर असेल आणि तेच हळू चालवून २४ वर आणलं, तर १०० मिनिटांचा सिनेमा १०४ मिनिटांच्या थोडा वर जातो. आवाजही तेवढाच ताणला नसेल तर सिंक हळूहळू सुटत जातं, म्हणून ओठ आणि शब्द सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे तिन्ही ठिकाणी जुळवून बघा. वेगळी जोडलेली देवनागरी सबटायटल्स काही सर्व्हरवर फुटतात. ती चित्ररूपात द्या.

शेवटी थिएटर. ठाण्यात किंवा वाशीत सकाळच्या पहिल्या खेळाआधीची वेळ मिळते का, विचारून बघा. पूर्ण सिनेमा परवडत नसेल तर सुरुवात, सर्वांत काळोखा सीन, सर्वांत गोंगाटाचा सीन आणि शेवट एवढं तरी लावून घ्या. प्रोजेक्शनिस्टला फेडर, म्हणजे थिएटरच्या आवाजाची पातळी, ७ या प्रमाण आकड्यावर ठेवायला सांगा. रोजच्या खेळांना तो बरेचदा खाली असतो.

दुरुस्तीनंतर नवी फाइल पुन्हा पूर्ण बघा. मग चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढा, दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा, दोन्हींचे आकडे जुळवा आणि ड्राइव्हवर सिनेमाचं नाव, आवृत्ती व तारीख लिहा.