उंदराची लय भीती वाटते? मग हे वाचा आणि हळूहळू करून बघा

पायावरून उंदीर गेला की दचकणार नाही असा माणूस विरळाच, त्याला कोणी फोबिया म्हणत नाही. फोबिया म्हणजे रात्री घसा कोरडा पडला तरी स्वयंपाकघरात जायचं नाही, ज्वारीची कोठी उघडायची तर नवऱ्याला नाहीतर पोराला हाक मारायची, माहेरी जुन्या घरात मुक्काम करायचा टाळायचा, मोबाईलवर उंदराचा नुसता फोटो आला तरी फोन लांब ठेवायचा, आणि हे सगळं करताना मनातून पक्कं माहीत असतं की एवढ्याशा जिवाला एवढं भ्यायचं कारण नाही. असं सहा महिने किंवा त्याहून जास्त चाललंय आणि त्यामुळं रोजची कामं अडायलीत, तर डॉक्टर त्याला फोबिया म्हणतात. नाटक नाही ते, लाड पण नाहीत.

आपल्या सोलापुरात तर अशा माणसाला उंदीर टाळता येतच नाही. पूर्व भागात कितीतरी ठिकाणी खाली यंत्रमाग आणि वर घर, कोपऱ्यात सुताची पोती, माळ्यावर वर्षाची ज्वारी, जुन्या चाळींच्या भिंतीत बिळं. माझ्या वहिनीचं हे मी जवळून बघितलंय, तिला घेऊन समुपदेशकांकडे जात होते, तिथं जे शिकायला मिळालं आणि नंतर वाचून जे समजलं ते इथं सांगते.

आधी ही भीती येते कुठून ते समजून घ्या. 1920 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी एका तान्ह्या बाळावर प्रयोग केला, आज असला प्रयोग कोणी करू देणार नाही. ते बाळ पांढऱ्या उंदराला अजिबात भीत नव्हतं. मग त्याने उंदराला हात लावला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारून मोठा आवाज करायचे, थोड्याच वेळा असं केलं आणि बाळ नुसता उंदीर बघून रडायला लागलं, नंतर ससा आणि केसाळ कोटसुद्धा बघून. म्हणजे भीती शिकवता येते. घराघरात हेच होतं की, आई किंचाळून कॉटवर चढते, शेजारी खेळणारं तीन वर्षांचं पोरगं उंदराकडं नाही तर आईच्या तोंडाकडं बघतं आणि तिथंच शिकतं.

पण शिकलेली भीती वर्षानुवर्षं टिकते कशी, ते जास्त महत्त्वाचं आहे. उंदीर दिसला, छाती धडधडली, तुम्ही पळालात, बाहेर आल्यावर एकदम हलकं वाटलं. हे जे हलकं वाटतं ना, तेच भीतीचं खतपाणी. मेंदू नोंद करतो की पळालो म्हणून वाचलो, पुढच्या वेळी अजून लवकर पळायला सांगतो. थांबलो असतो तर काहीच झालं नसतं, हे त्याला कधी कळतच नाही, कारण आपण थांबतच नाही. सगळा उपाय या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ही गोष्ट दोनदा वाचा.

म्हणूनच घरातले उंदीर संपले की भीती जाईल असं धरून बसू नका. उंदरांचा बंदोबस्त करायचाच, पण ते वेगळं काम आहे. घरातला छोटा उंदीर साधारण 6 मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, त्यामुळं दाराखालची फट, पाइपाभोवतीचं भोक, मोरीची जाळी बघा, भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावा, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा, खरकटं रात्री उघडं ठेवू नका. तारेचा पिंजरा चांगला. ग्लू पॅड मात्र नको, त्यात अडकलेला उंदीर तासन् तास ओरडतो, त्याचे हाल होतात ते वेगळेच आणि भिणाऱ्या माणसाच्या डोक्यात तो आवाज कायमचा बसतो. हे केलंत की उंदीर कमी होतील, पण घर मोकळं झालं तरी माळ्यावर खुडबुड झाली की वहिनीला घाम फुटायचाच, मग ती खुडबुड मांजराची का असेना.

थोडी माहिती उंदराची पण हवी, कारण भीती बऱ्याचदा चुकीच्या कल्पनेवर जगते. घरातल्या छोट्या उंदराचं वजन 12 ते 30 ग्रॅम. त्याची नजर कमजोर असते, तो मिशांनी भिंत चाचपत कडेकडेनं पळतो, म्हणून कधीकधी तो आपल्या अंगावर आला असं वाटतं, खरं तर तो बीळ शोधत असतो आणि आपण वाटेत उभे असतो. उंदरापासून रेबीज होण्याची शक्यता जवळपास नाहीच. चावलाच तर साबणाने जखम धुवून डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन लागू शकतं. खरी काळजी घ्यायची ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची, उंदराच्या मुताने घाण झालेल्या पाण्यातून ते होतं, म्हणून पावसाळ्यात पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालू नका. आणि हो, चिचुंद्री हा उंदीर नव्हेच, तिची जात वेगळी.

आता मुख्य काम. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या एका लहान मुलाची भीती घालवली. तो ससा, पांढरा उंदीर, केसाळ कोट, कापूस सगळ्याला भ्यायचा. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि ससा पिंजऱ्यात लांब ठेवायचा, रोज थोडा जवळ आणायचा, शेवटी पीटर त्याला हात लावून खेळायला लागला. पुढं जोसेफ वोल्पे या मानसोपचार तज्ज्ञांनी हीच पायरीपायरीनं जायची पद्धत नीट बसवली. आजही हीच चालते.

एक वही घ्या. उंदराच्या संदर्भात ज्या ज्या गोष्टीला भीती वाटते त्या लिहा आणि प्रत्येकीला 0 ते 100 मध्ये मार्क द्या, 0 म्हणजे काहीच नाही, 100 म्हणजे जीव जातोय असं. वहिनीची यादी साधारण अशी होती, सगळ्यात खाली कागदावर उंदराचं चित्र काढणं, मग गणपतीसमोरचा मातीचा मूषक हातात घेणं, मग फोटो, मग आवाज बंद करून व्हिडिओ, मग आवाजासकट, मग भरदिवसा एकटीनं माळ्याखाली उभं राहणं, कोठी स्वतः उघडणं, अंगणात लांब ठेवलेल्या पिंजऱ्यातला उंदीर बघणं, तोच पिंजरा चार पावलांवर, आणि सगळ्यात वर रात्री एकटीनं स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिणं. तुमची यादी वेगळी असेल, कुणाला फोटोपेक्षा आवाजाची भीती जास्त असते, कुणाला शेपटीची. रानटी उंदराला हात लावायचा ही पायरी कुणाच्याच यादीत नको, त्याची गरज नाही.

खालच्या पायरीपासून सुरू करा आणि तिथं थांबा. फोटो समोर ठेवला की धडधड वाढेल, हाताला घाम येईल, पोटात गोळा येईल, येऊ द्या. नजर हटवू नका. भीती चढते, एका जागी थांबते आणि मग आपोआप उतरायला लागते, शरीर तेवढा जोर कायम धरूच शकत नाही. सुरुवातीचे मार्क निम्म्यावर येईपर्यंत फोटो बाजूला ठेवायचा नाही, मग अर्धा तास लागो नाहीतर पाऊण. तीच पायरी रोज करा आणि सुरुवातीलाच मार्क कमी यायला लागले की वरची घ्या. घाई करून दोन पायऱ्या एकदम चढू नका, आणि आठवड्यातून एकदा करण्यापेक्षा रोज थोडं केलेलं जास्त लागू पडतं. चक्कर येऊन पडेन असं खूप जणांना वाटतं, पण या भीतीत रक्तदाब वाढतो, पडण्यासाठी तो घसरावा लागतो, त्यामुळं तसं सहसा होत नाही (रक्त बघून चक्कर येणाऱ्यांचं वेगळं). हृदयाचा आजार असेल किंवा दिवस गेलेले असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

इथं एका गोष्टीवर बारीक लक्ष द्या. आपण थांबलोय असं वाटतं पण आतून पळतच असतो. हातात झाडू धरून आत जाणं, आधी दारावर थाप मारणं, पाय वर घेऊन बसणं, कुणाला तरी आधी पाठवणं, व्हिडिओ बघताना मनात स्तोत्र म्हणत राहणं. देवाचं नाव घेऊच नका असं मी म्हणत नाही, पण त्या वेळी ते घेतलं तर मेंदू म्हणणार की त्याच्यामुळं वाचलो. सुरुवातीला एखादा आधार चालेल, मग एक एक करून सोडा. दीर्घ श्वास सुरू करण्याआधी घ्या, मधे भीती दाबायला नको.

घरच्यांनी काय करायचं? "एवढ्याला काय भ्यायलीस गं" म्हणायचं नाही. गंमत म्हणून रबरी उंदीर अंगावर टाकायचा नाही, पिंजरा अचानक तोंडासमोर धरायचा नाही, अशानं महिनाभराची मेहनत एका मिनिटात वाया जाते आणि विश्वास जातो तो वेगळा. पुढची पायरी कधी घ्यायची ते ज्याला भीती आहे त्यानंच ठरवायचं. पण दर वेळी त्याच्याऐवजी कोठी उघडून देणं पण मदत नाही, शेजारी उभे राहा, उघडू त्याला द्या.

एकट्यानं जमेना, झोप उडाली, किंवा उंदरामुळं घर बदलायचा विचार चाललाय, तर सरळ मानसोपचार तज्ज्ञांकडे जा. आपल्या सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, दाखवता येईल. फोनवर बोलायचं तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतून. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यांनी 1989 मध्ये एकाच बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत, अशा फोबियावर उपचार करायची पद्धत मांडली, ती शिकलेले तज्ज्ञ मिळाले तर काम लवकर होतं. मेडिकलमधून मनानं झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या आणू नका, त्या भीती तेवढ्यापुरती दाबतात, सवय लागते ती वेगळीच.

आणि गेलेली भीती कधीतरी परत डोकं काढते, जास्त करून पावसाळ्यात उंदीर घरात शिरतात तेव्हा किंवा खूप दिवस दिसलाच नाही आणि अचानक दिसला तर. घाबरू नका, सगळं वाया गेलं असं नाही. वही काढा, दोन पायऱ्या खाली या आणि तिथून परत चढा, दुसऱ्यांदा वेळ बराच कमी लागतो.