जोहान्सबर्गच्या पुढचं विमान कसं ठरवायचं

तिकीट शोधायला बसलात की विमान कंपनीचं नाव आधी बघू नका. नकाशा उघडा. जिथे पोचायचंय त्या खाणीवर, अभयारण्यावर किंवा गावावर बोट ठेवा आणि तिथून मोटारीनं दोन-तीन तासांच्या टप्प्यातले सगळे विमानतळ कागदावर लिहून काढा. प्रत्येकापुढे लिहा: विमान रोज येतं की ठरावीक वारीच, आणि कुठून येतं. मग तिथून एकेक टप्पा मागे या. जोहान्सबर्ग या यादीत सगळ्यात शेवटी यायला हवं. कधी कधी ते येतही नाही.

मी केम्प्टन पार्कला राहते, ओ. आर. टाम्बो विमानतळाच्या शेजारी. माझं काम स्लरी पंपांचं, म्हणजे खाणीतला खनिजमिश्रित गाळ ओढणाऱ्या पंपांचं. उत्तर केपमधली सिशेनची लोहखनिजाची खाण, झांबियातला तांब्याच्या खाणींचा पट्टा कॉपरबेल्ट, मोझांबिकात टेटेजवळच्या कोळसा खाणी, असं फिरणं असतं. नवे इंजिनिअर भारतातून आले की त्यांचा पुढचा प्रवास मीच ठरवते. पुढे त्यांच्या घरचे येतात, मग दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर अभयारण्य आणि व्हिक्टोरिया फॉल्सचा धबधबा ओघानं येतंच. त्या सगळ्यांना जे समजावते तेच इथे लिहिते आहे.

शेवटचा विमानतळ आधी ठरवण्याचा फायदा व्हिक्टोरिया फॉल्सला सगळ्यात स्पष्ट दिसतो. एका धबधब्याच्या आसपास तीन देशांचे तीन विमानतळ आहेत. झिम्बाब्वेचा व्हिक्टोरिया फॉल्स विमानतळ गावापासून वीसेक किलोमीटरवर आहे. तिथे २०१६ साली नवं टर्मिनल सुरू झालं आणि धावपट्टी चार किलोमीटरची आहे, त्यामुळे मोठी विमानंही उतरतात. झांबियाच्या बाजूला लिव्हिंग्स्टनचा हॅरी म्वांगा न्कुम्बुला विमानतळ, गावाला लागूनच. तिसरा बोट्स्वानातला कासाने, चोबे अभयारण्याच्या दारात. धबधबा आणि चोबेचे हत्ती दोन्ही पाहायचे असतील तर एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघा, आल्या वाटेनं परत जाण्यात अर्धा दिवस घालवू नका. २०२१ मध्ये कझुंगुलाचा पूल सुरू झाल्यापासून बोट्स्वानातून झांबियात जायला झांबेझी नदीवर फेरीबोटीची वाट पाहावी लागत नाही. मात्र प्रत्येक हद्द ओलांडताना व्हिसाचा प्रश्न येतो. झांबिया आणि झिम्बाब्वे मिळून काझा युनिव्हिसा हा एकच व्हिसा देतात, पण तो सगळ्याच देशांच्या नागरिकांना मिळत नाही. तुमच्या पासपोर्टला कोणता नियम लागू आहे ते त्या देशांच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर पाहा, आणि तिकिटाचे पैसे भरण्याआधी पाहा.

क्रूगरचंही तसंच. ‘क्रूगरचा विमानतळ’ असा एक नाहीच. स्कुकुझा अभयारण्याच्या आत आहे. हूडस्प्रेट पश्चिमेकडच्या खासगी राखीव जंगलांना जवळ, फालाबोर्वा मधल्या भागाला, आणि म्बोम्बेलाजवळचा क्रूगर म्पुमालांगा दक्षिणेकडच्या दरवाजांना. तुमचं राहण्याचं ठिकाण कुठे आहे ते पाहून विमानतळ निवडा. स्कुकुझाला उतरून भाड्याची गाडी घेणार असाल तर दुपारच्या आत उतरणारं विमान घ्या. अभयारण्यात सूर्यास्तानंतर स्वतःची गाडी चालवता येत नाही आणि कॅम्पचे दरवाजे बंद होतात.

एकाच शहराचे दोन विमानतळ ही आणखी एक अडचण. नामिबियाच्या राजधानीला, विंडहुकला, परदेशातून येणारी विमानं होसेया कुटाको विमानतळावर उतरतात, तो शहरापासून पंचेचाळीसेक किलोमीटर लांब, पूर्वेला आहे. पण फ्लायनामिबियाची ओंडांग्वा, रुंडू, काटिमा मुलिलो अशी देशांतर्गत विमानं शहरातल्याच इरॉस विमानतळावरून सुटतात. दोन्ही तिकिटांवर ‘विंडहुक’ असंच छापलेलं असतं, म्हणून तीन अक्षरी कोड वाचा: होसेया कुटाकोचा डब्ल्यूडीएच, इरॉसचा ईआरएस. जोहान्सबर्गलाही ओ. आर. टाम्बो म्हणजे जेएनबी आणि वायव्येचा लान्सेरिया म्हणजे एचएलए. लान्सेरिया छान आहे, सुटसुटीत आहे, पण टाम्बोला जोडणारी गाउट्रेन ही रेल्वे तिकडे जात नाही. आंतरराष्ट्रीय विमानातून टाम्बोला उतरून लान्सेरियाचं पुढचं विमान पकडायचा बेत कितीही स्वस्त दिसला तरी मी कुणाला करू देत नाही.

आता कंपन्या. या भागात आतल्या गावांपर्यंत सगळ्यात जास्त पोचते ती एअरलिंक. सिशेन, अपिंग्टन, स्कुकुझा, बोट्स्वानातलं माउन, कासाने, झांबियातलं एन्डोला, टेटे, लेसोथोची राजधानी मासेरू ही नावं शोधाल तेव्हा बहुतेक वेळा हीच समोर येईल. ती पूर्वी साउथ आफ्रिकन एअरवेजच्या नावाखाली उडायची, २०२० पासून स्वतंत्र आहे, आणि २०२४ मध्ये कतार एअरवेजनं तिचा २५ टक्के हिस्सा घेतला. फ्लायसफेअर आणि लिफ्ट या कंपन्या मोठ्या शहरांमध्ये स्वस्तात नेतात. फ्लायसफेअरच्या सगळ्यात कमी भाड्यात चेक-इनची बॅग धरलेली नसते, ती जोडून मगच दराची तुलना करा. सेमएअर सिशेन, प्लेटनबर्ग बे, मार्गेट अशा ठिकाणांना जाते. झांबियात आत जायचं तर प्रोफ्लाइट, बोट्स्वानात एअर बोट्स्वाना, झिम्बाब्वेत फास्टजेट.

या धंद्यात कंपन्या बंदही पडतात. एसए एक्सप्रेस २०२० मध्ये गेली, एअर नामिबिया आणि मँगो २०२१ मध्ये, कुलुला चालवणारी कॉमएअर २०२२ मध्ये. म्हणून लांबची तिकिटं क्रेडिट कार्डानं काढा. विमान उडालंच नाही तर बँकेकडे पैसे परत मागण्याची वाट तरी मोकळी राहते.

जोडविमानांबद्दल मी जरा हट्टानं बोलते, कारण इथे चूक फार महाग पडते. मुंबई-दिल्लीसारखं दर तासाला विमान इथे नसतं. माउनचं दुपारचं विमान सुटलं की बहुधा उद्याच. म्हणून शक्य असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी तिकिटं असतील तर टाम्बोला निदान चार तास ठेवा. आंतरराष्ट्रीय विमानातून उतरून दक्षिण आफ्रिकेतल्याच गावी जायचं असेल तर बॅग टाम्बोला स्वतः ताब्यात घ्यावी लागते, कस्टममधून न्यावी लागते आणि पुन्हा चेक-इन करावी लागते, तिच्यावर शेवटच्या गावाचा टॅग लागलेला असला तरी.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. माउनला किंवा एन्डोलाला जाताना जोहान्सबर्गला फक्त विमान बदलायचं, असं वाटतं. एकाच तिकिटावर, बॅग थेट पुढे जाणार असेल तर ते खरंही आहे, ट्रान्झिटमधूनच पुढे जाता येतं. पण तिकिटं वेगळी असतील आणि बॅग बाहेर येऊन परत द्यावी लागणार असेल, तर तुम्ही दक्षिण आफ्रिकेत प्रवेश करता आहात, आणि त्याला दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. पुष्कळदा हा प्रश्न जोहान्सबर्ग वगळूनच सुटतो. इथिओपियन एअरलाइन्स आदिस अबाबाहून लुसाका, एन्डोला, हरारे, व्हिक्टोरिया फॉल्स, विंडहुक, गाबोरोने, लिलोंग्वे, मापुटो इथे जाते. भाडं थोडं जास्त असलं तरी एक व्हिसा आणि एक धाकधूक वाचते.

विमान नसलेली वाटही हिशोबात धरा. मासेरूला विमानं मोजकी. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनला उतरलात तर तिथून मासेरू रस्त्यानं सुमारे १४० किलोमीटर. एस्वातिनीचा मस्वाती तिसरे विमानतळ २०१४ मध्ये सुरू झाला, पण तो राजधानी म्बाबानेपासून बराच लांब पूर्वेला, सिखुफेला आहे. जोहान्सबर्गहून म्बाबानेला मोटारीनं जाणं पुष्कळांना सोपं पडतं. झांबियातल्या सोल्वेझीच्या खाणींसाठी मी दोन्ही करते: माणसं कमी असतील तर लुसाकाहून प्रोफ्लाइट, सामान जास्त असेल तर एन्डोलाला उतरून रस्ता. चार तासांच्या वर लागतात, पण पेट्या सोबत येतात.

सामान हा इथला खरा विषय. टाम्बो विमानतळ समुद्रसपाटीपासून १,६९४ मीटर उंचीवर आहे. उंची वाढली की हवा विरळ होते, उन्हानं आणखी विरळ होते, आणि विरळ हवेत पंख कमी उचलतात, इंजिनाचा जोरही उतरतो. मग धावपट्टी लांब हवी, नाहीतर विमान हलकं हवं. टाम्बोची मोठी धावपट्टी ४.४ किलोमीटर आहे ती यासाठीच. अपिंग्टन हे कलहारीच्या कडेचं लहानसं शहर, पण तिथली धावपट्टी ४,९०० मीटर. वर्णभेदाच्या काळात अनेक आफ्रिकी देशांनी साउथ आफ्रिकन एअरवेजला आपल्या आकाशातून जायला बंदी केली होती, त्यामुळे युरोपचा फेरा लांबला होता. भरलेलं बोइंग ७४७ तिथल्या उन्हातही उडावं म्हणून ती बांधली. आज तिथे छोटी विमानं उतरतात. मला ती धावपट्टी पाहायला फार आवडते.

तुमच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की लहान विमानात वजनाची मर्यादा ही कंपनीची कंजुषी नसते. एअरलिंकची छोटी एम्ब्राएर विमानं ३७ ते ५० आसनांची. एका बाजूला एक आसन, दुसऱ्या बाजूला दोन. एकटं आसन मागून घ्या, खिडकीही तुमची आणि जाण्यायेण्याची वाटही. वरचे कप्पे अरुंद असतात, चाकांची केबिन बॅग त्यात बसत नाही. ती विमानाच्या शिडीपाशी टॅग लावून देतात आणि उतरल्यावर तिथेच परत मिळते. म्हणून पासपोर्ट, औषधं, लॅपटॉप आणि पॉवर बँक वेगळ्या पिशवीत काढून ठेवा. लिथियम बॅटरी विमानाच्या पोटात ठेवायची नसते.

पंपाचे सुटे भाग नेणाऱ्यांसाठी: मेकॅनिकल सील हातातल्या बॅगेत, सोबत इन्व्हॉइसच्या दोन प्रती आणि कंपनीचं पत्र. स्पॅनर, अॅलन की यांचा संच चेक-इनमध्ये. इम्पेलर, म्हणजे पंपाचं आतलं फिरतं जड चाक, विमानात नेण्याच्या भानगडीत पडू नका, तो आदल्या आठवड्यात ट्रकनं पाठवा. सिशेनला शुक्रवारी दुपारी परतीची आणि सोमवारी सकाळी जायची विमानं खाणीच्या माणसांनी भरलेली असतात. शक्य असेल तर मंगळवारी जा आणि गुरुवारी या.

माउनचं गणित आणखी वेगळं. ओकावांगो डेल्टामधल्या कॅम्पना जाणारी सेसना कॅराव्हान आणि त्याहून लहान विमानं तिथून दिवसभर उडत असतात. बहुतेकांचा नियम माणशी २० किलो, त्यात कॅमेरा आणि हातातली पिशवीही धरलेली, आणि बॅग मऊ हवी. कडक सुटकेस विमानाच्या पोटातल्या कप्प्यात शिरतच नाही, मग वजन कमी असलं तरी उपयोग नाही. विमानाची नेमकी वेळ बहुधा आदल्या संध्याकाळी कळते, कारण त्या दिवसाचे प्रवासी आणि कॅम्प पाहून फेरी आखली जाते. त्यामुळे डेल्टातून परतताना त्याच दिवशीचं जोहान्सबर्गचं विमान धरायचं असेल तर कॅम्प आरक्षित करतानाच त्यांना त्या विमानाची वेळ लिहून द्या.

वेळ निवडताना ऋतू पाहा. जोहान्सबर्गला ऑक्टोबर ते मार्च दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, वीज जवळ असली की धावपट्टीवरचं काम थांबतं. त्या महिन्यांत मी सकाळचंच विमान घेते. नामिबियाच्या किनाऱ्यावरच्या वॉल्विस बेला उलट. थंड बेंग्वेला प्रवाहामुळे किनाऱ्यावर सकाळी धुकं असतं, तिथे उशिराचं विमान बरं. अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर वाऱ्याच्या वेड्यावाकड्या झोतांमुळे नियमित प्रवासी विमानं ऑक्टोबर २०१७ पर्यंत सुरूच होऊ शकली नव्हती. अजूनही तिकडे विमान आठवड्यातून मोजकंच, तेव्हा परतीनंतर लगेच कुठलंही महत्त्वाचं काम ठेवू नका.

घड्याळ बदलावं लागत नाही, नामिबियापासून मोझांबिकपर्यंत वेळ एकच आहे. पण सूर्य त्याप्रमाणे चालत नाही. जूनमध्ये टेटेला साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, वॉल्विस बेला तेव्हा अजून लख्ख उजेड असतो. टेटेला संध्याकाळी उतरणार असाल तर गाडी स्वतः चालवू नका. रस्त्यावर गुरं असतात, दिवे नसलेले ट्रक असतात. खाणीची गाडी मागवा किंवा रात्र शहरात काढा.

शेवटी पैसे. नामिबियन डॉलर, लेसोथोचा लोटी आणि एस्वातिनीचा लिलांगेनी रँडच्या बरोबरीनं बांधलेले आहेत आणि त्या तिन्ही देशांत रँड चालतो. परतीला मात्र ती नाणी-नोटा दक्षिण आफ्रिकेतल्या दुकानात घेत नाहीत, तिथेच संपवा. बोट्स्वानात पुला, झांबियात क्वाचा. झिम्बाब्वेत अमेरिकन डॉलर चालतात, पण सुट्टे मिळत नाहीत, म्हणून एक आणि पाच डॉलरच्या स्वच्छ नोटा आधीच जमवून ठेवा. छोट्या विमानतळावर एटीएम असलं तरी चालू असेलच असं धरू नका. गाडी भाड्यानं घेणार असाल तर काउंटरला विमानाचा क्रमांक कळवून ठेवा. दिवसाचं शेवटचं विमान गेलं की तिथला माणूस कुलूप लावून घरी जातो, तुमची वाट पाहायची आहे हे त्याला माहीत असायला हवं.